मरुदाडीच्या एरीवरची बंदूक

तंजावूर, २४ नोव्हेंबर २०२४

जननी,

वर आशीर्वाद लिहायचा असतो. आज हात धजत नाही, तो दिलेला आहे असं समज. फोनवर मी ओरडतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी तू वाचशील एवढं मी तुला ओळखतो.

सदाशिवमला नेऊन आज सोळा दिवस झाले. तू काढलेला त्याचा बंदुकीसह फोटो पाच तारखेला लोकांसमोर आला आणि आठला सकाळी वनखात्याची जीप पापनाशमच्या पुढे त्याच्या वस्तीवर गेली. बंदूक घेतली, छर्‍यांची पिशवी घेतली, त्याला घेतलं. जीपमध्ये चढताना त्याने चप्पल मागितली, ती कुणी दिली नाही. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. मण्यांच्या माळा विकायचं सोडून ती दोन बस बदलून आपल्या दारात आली होती. तुझ्या आईने तिला बसवलं, जेवायला घातलं. मी आतल्या खोलीत चष्मा शोधत राहिलो. चष्मा नाकावर होता.

फोटोखाली तू लिहिलंस, ‘अट्टल शिकारी’. अट्टल म्हणे. झांबियातून इथे आलो तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. तमिळ येत नव्हतं, राजवाड्यामागच्या गल्लीतली पोरं तुझ्याशी खेळत नव्हती, शाळेतून रडत यायचीस. तेव्हा या अट्टल माणसाच्या खांद्यावर बसून तू अख्खी एरी, मरुदाडीचा तो तलाव, फिरलीस. अडई बदकाची शीळ जीभ टाळूला कशी लावून घालायची ते त्याने शिकवलं. त्याच्या नरीकुरवर जमातीच्या बोलीतले शब्द आपल्या मराठीशी जुळतात म्हणून तू टाळ्या पिटायचीस. आज पुण्यात तू प्राणिरक्षणाची नोकरी करतेस, लोक तुला पक्ष्यांवर बोलायला बोलावतात. पहिला पक्षी तुला कुणी दाखवला ते तिथे सांगतेस का कधी?

एरीची गोष्ट तू अर्धीच ऐकली आहेस, म्हणून पूर्ण लिहितो. मरुदाडीच्या त्या तलावाखाली तीनशे एकर भात आहे. पाण्याच्या कडेला बोरूच्या रानात जांभळ्या पाणकोंबड्या राहतात. सप्टेंबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत, भात कोवळं असतं तेव्हा, त्या रांगेने शेतात उतरतात आणि रोपं मुळापाशी मुरगळून टाकतात. पूर्वी शेतकरी काय करायचे? किडीवरचं दाणेदार औषध तांदळात कालवून बांधावर टाकायचे. पाणकोंबड्या मरायच्या, आणि त्याच तांदळावर अडई, थापट्या, तलवार बदकं, साधे बगळेसुद्धा. नंतर त्या मेलेल्यांना खाऊन घारी आणि कुत्री.

बारा वर्षांपूर्वी असं ठरलं की सदाशिवमने या तीन महिन्यांत सकाळ-संध्याकाळ बंदूक घेऊन बांध फिरायचा. बहुतेक वेळा नुसता बार काढायचा. आठवड्याला दोन पाणकोंबड्या मारायच्या आणि घरी न्यायच्या. दोन म्हणजे दोन. पिलं असतील तिकडे फिरकायचं नाही. आणि शेतकर्‍यांनी विषाला हात लावायचा नाही. बारा वर्षं त्या एरीवर विष पडलं नाही. बदकं किती वाढली ते तू स्वतः मोजलंस, पीएच.डी.च्या प्रबंधात तुझा तो आलेख आहे, चढत गेलेला. तो का चढला ते मात्र तू तिथल्या कुणाला विचारलं नाहीस.

कायद्यात हे बसत नाही, मला माहीत आहे. बंदुकीचा परवाना पीक राखायचा आहे, पक्षी मारायचा नाही. पण वनखात्याला तू दोन ओळी लिहू शकतेस. हा माणूस चोर नाही, एरीचा राखणदार आहे, तिथे एक व्यवस्था होती आणि तिच्यामुळे पक्षी वाचले, एवढंच. तुझ्या शब्दाला वजन आहे, कारण तक्रार तुझी आहे. रेंजर माझ्याकडेही येऊन गेला. मला जे सांगायचं ते मी सांगितलं. तू तुझं सांग.

अप्पा


तंजावूर, १४ डिसेंबर २०२४

जननी,

साडेतीन ओळींचं उत्तर मिळालं. जीव घेणारा माणूस रक्षक असू शकत नाही. दोन पक्षी म्हणजे दोन खून. तुमच्या पिढीने बंदुकीवर प्रेम केलं. आणि ती शेवटची अर्धी ओळ, ‘अप्पा, तू यात पडू नकोस, तुझ्यासाठीच सांगते’. ती मी वाचलीच नाही असं समज.

बंदुकीवर प्रेम कुणी केलं गं? मी झांबियात शिकवायला गेलो होतो, जीवशास्त्राचा मास्तर. शाळेपेक्षा रान बरं वाटलं आणि पायी फिरवणारा गाइड झालो. चौदा वर्षं लोकांना रानातून चालवलं, पण स्वतःच्या हातात एकदाही बंदूक घेतली नाही. वार्‍याची दिशा बघायची, शेणाची ऊब बघायची, पक्षी कुठे ओरडतो ते ऐकायचं, आणि दहा माणसांना कुणालाही न दुखवता परत आणायचं, हे माझं काम. इथे आल्यावर तेच काम मी बांधावरून करतो. मोठं देऊळ बघायला आलेले पाहुणे दुसर्‍या दिवशी माझ्याबरोबर एरी चालतात. गल्लीत आपल्या मराठी घरांना रायर म्हणतात, मला ‘सफारी रायर’ म्हणून चिडवतात. वाघ नाही, हत्ती नाही, कसली सफारी, म्हणतात. म्हणू देत.

नदीच्या एका काठाला आमचं रान होतं, फक्त चालायचं आणि बघायचं. पलीकडच्या काठाला शिकारीचा पट्टा. तिथे येणारे शिकारी मला कधी आवडले नाहीत. एकदा एकजण मेलेल्या सिंहावर बूट ठेवून दात काढत उभा होता. मी आमच्या मालकाला सांगितलं की हे बंद व्हायला हवं. मग काही कारणाने तिथली शिकार खरंच दोन वर्षं बंद पडली, आणि मी पेढे वाटावेत तसा आनंदात होतो. पहिल्या पावसाळ्यानंतर पलीकडचे राखणदार आपापल्या गावी गेले, कारण त्यांना ठेवणारंच कुणी नव्हतं. दुसर्‍या वर्षी तारेचे फास आले. फासांमागून गुरं आली, मक्याची शेतं आली. आमच्या काठाला म्हशी यायच्या, पायात तार रुतलेली, हाडापर्यंत. त्या म्हशी मी पाहुण्यांना दाखवल्या नाहीत. दुसर्‍या वाटेने नेलं.

सगळीकडे असंच होतं असं मी म्हणत नाही. असेही पट्टे पाहिले जिथे शिकार्‍यांनी सगळं ओरबाडलं आणि गावाच्या वाट्याला हाडं आली. पण त्या नदीवर मी एवढं शिकलो की जनावर जिवंत ठेवायचं तर त्याच्या शेजारी राहणार्‍या माणसाला काहीतरी कारण लागतं. तुला ते कारण घाणेरडं वाटतं. मलाही वाटायचं. तू पुण्यात बसून नाकाने कांदे सोलतेस आणि इथे लोकांना रोज सकाळी शेतात जावं लागतं.

सदाशिवम जामिनावर सुटलाय. रोज अकरा वाजता सही करायला जातो, तिथेच दुपार होते. बंदूक जप्त आहे. मी परवा एरीवर गेलो तर पाणकोंबड्या दिवसाढवळ्या भातात होत्या, कोंबड्या अंगणात असाव्यात तशा. पक्कीरीसामी, ज्याची सगळ्यांत जास्त जमीन एरीला लागून आहे, तो बांधावर उभा होता. मला बघून नेहमीसारखा हसला नाही. म्हणाला की तीन मा, म्हणजे एकरभर जमिनीवर आता पुन्हा लावणी करायला वेळ उरला नाही, आणि आम्ही बारा वर्षं शब्द पाळला, आता तुमच्या बाजूने शब्द कोण पाळणार. मी म्हणालो, थोडं थांबा. तो पाठ फिरवून घराकडे चालू लागला.

तू लवकर लिही. वनखात्याला लिही, कोर्टाला लिही, मोबाइलवर तुझं वाचणार्‍या त्या चाळीस हजार लोकांना लिही. मला नाही लिहिलंस तरी चालेल.

अप्पा


तंजावूर, २१ डिसेंबर २०२४

जननी,

विष पडलं.

काल सकाळी सहा पाहुणे घेऊन गेलो होतो. नवरा-बायको आणि त्यांचे मित्र, चेन्नईचे. बांधाच्या पहिल्या वळणावर अडई उताणी पडलेली दिसली. मला वाटलं एखादी असेल. मी पाहुण्यांना हात करून थांबवलं आणि पुढे गेलो. पुढे मेलेल्या पक्ष्यांखाली कडेचं पाणी दिसत नव्हतं. मी त्यांना व्हॅनमध्ये बसवून परत पाठवलं आणि एकटा थांबलो, मोजायला. तुला सवय लावली तशी मलाही आहे, मोजल्याशिवाय राहवत नाही. जांभळ्या पाणकोंबड्या एकतीस. अडई एकशे चौदा. थापट्या बावीस. तलवार बदकं नऊ. बगळे, टिटव्या, एक दलदली हारीण, घारीसारखा तो शिकारी पक्षी. तो हारीण सायबेरियाच्या बाजूने कुठून कुठून आला असेल, कुणाच्या पाणकोंबड्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. काही अजून जिवंत होते, पंख ओढत होते. त्यांचं मी काय केलं ते लिहीत नाही. तुझ्या भाषेत तेही खूनच.

सदाशिवम दुपारी आला, सही करून. पाण्यात उतरला आणि एकेक काढून काठावर ठेवू लागला, जातवार. मी म्हणालो, राहू दे. तो थांबला नाही. त्याच्या हातात मेलेला पक्षी मी बारा वर्षं बघतोय, पण त्याला रडताना काल पाहिलं.

दोन पक्षी म्हणजे दोन खून असतील, तर हे किती? यांच्या फोटोखाली काय लिहिशील? हे कुणी मारले, पक्कीरीसामीने? सदाशिवमने? की पुण्यात बसून ज्या मुलीने आपल्या बोटाने एक बटण दाबलं तिने?

मी घरी आलो आणि हे सगळं तुझ्या आईला असंच ओरडून सांगितलं. ती पानं मांडत होती. मी बसलो, तिने भात वाढला, मग डाव हातात धरून तशीच उभी राहिली. ती तुझ्याविरुद्ध बोलेल किंवा तुझी बाजू घेईल असं मला वाटलं. ती म्हणाली, “तेला आत धाडून तुम्ही हिकडे सावकाश जेवतांत. मला वाढाला होत नाही.”

डाव भांड्यात ठेवून ती बाहेर जाऊन बसली. मी रेंजरला काय सांगितलं होतं आणि काय नाही, मला वाटत होतं तिला माहीत नाही. चाळीस वर्षांत ही बाई मला कधी असं बोलली नव्हती. मी उपाशी उठलो. तुझ्यावरचा राग तसाच आहे, पण आज त्याला बसायला धड जागा मिळत नाहीये.

अप्पा


तंजावूर, १२ जानेवारी २०२५

जननी,

तू फोन केलास, आईशी बोललीस, रडलीस असं कळलं. मला फोन देऊ का असं तिने विचारलं तेव्हा मी नाही म्हणून मान हलवली. अजून बोलवत नाही. लिहितो, आणि यावेळी शेवटपर्यंत लिहितो.

पहिल्या पत्रात मी ‘असं ठरलं’ लिहिलं. कुणी ठरवलं? मी. पक्कीरीसामीच्या पडवीत बसून मी बोललो, नदीपलीकडच्या काठाचं उदाहरण दिलं, वर हातही जोडले. सदाशिवम तेव्हा कोपर्‍यात उकिडवा बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही. उठताना मी त्याला सांगितलं, उद्यापासून तू फिरायचंस. तो म्हणाला, “सरी, रायरे.” एवढीच त्याची संमती.

आणि रेंजर आला तेव्हाचं. तो इथेच, झोपाळ्यावर बसला होता. तुझी आई कॉफी करत होती. त्याने मोबाइलवर तू काढलेला फोटो दाखवून विचारलं की हा माणूस तुमच्याबरोबर असतो का. मी चष्मा पुसून नीट पाहिलं, आणि म्हणालो की एरी काय सगळ्यांची आहे, कोण कोण येतं, मी कुणाकुणाला ओळखू. तो लगेच म्हणाला, तुमच्यासारख्या माणसाचा यात संबंध नसणार हे आम्हाला ठाऊकच होतं सार. तुमच्यासारख्या. मी मूग गिळून बसलो, आणि कॉफी आली तेव्हा पेला मी स्वतः त्याच्या हातात दिला. तुझी आई दारात उभी राहून ऐकत होती.

झांबियात आमचा एक नियम होता, तो मी तुला कधी सांगितला नाही. चालताना सगळ्यांत पुढे बंदूकवाला स्काऊट, त्याच्या मागे गाइड, मग पाहुणे. बंदूक स्काऊटची, वाट गाइडची. गोळी सुटली तर संध्याकाळी जो कागद भरायचा तो गाइडने भरायचा आणि खाली सही गाइडने करायची. कारण स्काऊट त्या जनावरासमोर आपणहून गेलेला नसतो, त्याला तिथे नेलेलं असतं. चौदा वर्षांत तीन वेळा मी तो कागद भरला. दोन म्हशी, एक हत्तीण. हत्तिणीच्या वेळी चूक माझी होती, वारा वळलेला मला कळला नाही, आणि मी तसं लिहिलं. परक्या देशात, परक्या माणसासाठी लिहिलं. इथे, माझ्या गावात, पंचवीस वर्षांच्या ओळखीच्या माणसासाठी माझं तोंड उघडलं नाही.

आता फोटोबद्दल. त्या सकाळी मी सदाशिवमच्या डाव्या हाताला होतो, चार पावलांवर. तू वळणावरून आमच्याकडे कॅमेरा धरलास ते मी पाहिलं होतं. लोकांसमोर आलेल्या फोटोत मी नाही. त्याच्या डावीकडची बाजू कापलेली आहे. हे मला पाच तारखेलाच, पहिल्या नजरेला कळलं होतं. मी तुझ्यावर एवढा ओरडलो, पण हा एक प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर तू उत्तर दिलं असतंस. तू बापाला कात्रीने बाहेर काढलंस आणि बापाने कात्री बघितलीच नाही असं दाखवलं. दोघांनी मिळून एका माणसाला एकटं उभं केलं. मला तुझा राग येतो तो यासाठी. आणि माझा येतो तोही यासाठीच, फक्त माझा जास्त आहे.

मी सदाशिवमकडे गेलो होतो. त्याच्या झोपडीसमोर खाट टाकून दिली त्याने. मी सांगितलं की कोर्टात मी सगळं सांगणार आहे, व्यवस्था माझी, हुकूम माझा. मला वाटलं त्याला बरं वाटेल. तो चिडला. त्याला चिडलेला मी पहिल्यांदा बघितला. म्हणाला, “तुम्ही आत गेलात तर शेतकर्‍यांशी कोण बोलणार? माझं ऐकतील? आमच्या लोकांना पोलीस नवीन नाहीत रायरे, मी राहतो आत. तुम्ही एरी बघा.” किती सोयीचं होतं ते, जननी. मान हलवून बसमध्ये बसलो असतो तर सगळे मला शहाणा म्हणाले असते, तोसुद्धा. क्षणभर मी खाटेवरून उठलो होतो, खरं सांगतो. मग पुन्हा बसलो.

वकील सतीशकुमार, सदाशिवमचं काम बघतो तो, तरुण आहे, पण बरा आहे. त्याने माझं सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाला, सार, नुसत्या तुमच्या सांगण्याचं काही होणार नाही. म्हातार्‍या माणसाला दया आली म्हणून दुसर्‍याचं अंगावर घेतो, असं समजतील. शेतकरी साक्षीला येणार नाहीत, कारण तोंड उघडलं तर विषाचं निघेल. तुम्ही तिथे होता याला पुरावा काय?

पुरावा तुझ्याकडे आहे. न कापलेला फोटो मला पाठव. तारीख तीन फेब्रुवारी आहे. सदाशिवमला शिक्षा झाली तर वर्षं जातील, त्याला साठ पूर्ण झाली आहेत, तो तिथून परत येईल असं मला वाटत नाही. बाकी कशावर आपलं पटलं नाही तरी चालेल. मी चुकीचा असेन, शिकार वाईट असेल, सगळं कबूल करायला मी बसेन कधीतरी. पण फोटो पाठव.

अप्पा


पापनाशम, ३ फेब्रुवारी २०२५

जननी,

कोर्टासमोरच्या चहाच्या दुकानात बसून लिहितोय. बाक हलतो, अक्षर वाकडं येईल. साडेदहाला आत जायचं आहे. सतीशकुमार झेरॉक्स काढायला गेलाय. सदाशिवम समोर उभा आहे, पांढरा शर्ट घालून, कुणाचा तरी मागून आणलेला, बाह्या लांब आहेत. बसायला सांगितलं तरी बसत नाही.

फोटो परवा मिळाला. सोबत तू लिहिलंस, ‘हा दिलास तर तुलाही धरतील, अप्पा. मी आईसाठी कापला होता.’ आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझं नाव घेऊन कुणी काही कापायचं नाही. तुला तिने हेच सांगितलं असेल, मला माहीत आहे, तुम्ही दोघी रोज बोलता.

काल स्टुडिओत जाऊन तो मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने टेबलावर पसरला आणि मी ओळखीचं काहीतरी बघायला जावं तसा वाकलो. मी तिथे आहे, हे मला माहीत होतं. दुर्बीण गळ्यात घालून बाजूला उभा असेन, असं इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. वकिलालाही मी तसंच सांगितलं होतं, बाजूला उभा होतो. मी बाजूला उभा नाही. माझा उजवा हात पूर्ण लांबवलेला आहे आणि बोट बोरूच्या रानाकडे आहे, तिकडची ती, असं. आणि मी हसतोय. सकाळ छान होती, मुलगी घरी आली होती, मी खुशीत होतो.

तुझ्या कापलेल्या फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी सगळं वाचलंय. कितीतरी जणांनी लिहिलं होतं की याची नजर बघा, कशी चोरटी, कॅमेर्‍याकडे बघत नाही, समोर बघत नाही. मलाही ती नजर विचित्र वाटली होती, खोटं कशाला बोलू. पूर्ण फोटोत कळतं. तो माझ्या बोटाकडे बघतोय.

आत्ता तो फोटो मी सदाशिवमला दाखवला. त्याने शर्टाला हात पुसले आणि दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ बघितला. म्हणाला, आपला दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नव्हता, एक प्रत मिळेल का. मी म्हणालो, कोर्टात दिला की तो त्यांचा झाला, जननीकडून दुसरा मागवू. तर एक प्रत त्याच्यासाठी पाठव.

आत गेल्यावर काय होईल ते मला माहीत नाही. सतीशकुमार म्हणतो, मलाही आरोपी करतील, कदाचित आजच. पाहुण्यांना फिरवायचा माझा परवाना जाईल हे नक्की. सदाशिवम सुटेल असंही तो म्हणत नाही. तो एकटा नव्हता आणि आपल्या मनाने गेला नव्हता, एवढं मात्र आता कुणाला पुसता येणार नाही.

तू येते म्हणतेस. माझ्यासाठी येऊ नकोस. मला भेटायला, जामीन बघायला, रडायला, कशालाच नको. कोर्टाच्या दारात तुला बघितलं तर मी पुन्हा ओरडेन. भात कापून झालं आहे, एरी आता शांत आहे. पुरट्टासीत, सप्टेंबरच्या शेवटी, ये. तेव्हा नवीन रोपं लागतील, पाणकोंबड्या बोरूतून बाहेर येतील, आणि पक्कीरीसामी त्याच्या पडवीत बसलेला असेल. यावेळी मी नसेन आणि बंदूकही नसेल. तू त्या पडवीत बस, आणि सदाशिवमला कोपर्‍यात नाही, शेजारी बसव, आधी त्याला विचार. मग एकाही पक्ष्याला न मारता ते तीनशे एकर राखून दाखव. जाळी लाव, ढोल वाजव, तुझ्या चाळीस हजार लोकांना बांधावर उभं कर, काय हवं ते कर. विष पडू देऊ नकोस.

तुला जमणार नाही असं मला वाटतं. चौदा वर्षं तिथे आणि पंचवीस वर्षं इथे चालून मला तसंच वाटतं, आणि हे मी रागाने लिहीत नाहीये. पण मला हरायचंय, जननी. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून असं वाटतंय की माझं म्हणणं खोटं ठरावं. जमलं नाही तर मला काही कळवू नकोस, ते मला एरीवरूनच कळेल. जमलं तर मात्र मी जिथे असेन तिथे ये आणि तोंडावर सांग की अप्पा, तू चुकलास.

तुझा
अप्पा